नोकरी करणारा लास्कर

बुद्धिबळात लास्कर हे नाव घेतलं की ज्यांना थोडंफार माहीत आहे ते लगेच म्हणतात, हो, तो सत्तावीस वर्षं जगज्जेता होता तो. बरोबर. इमॅन्युएल लास्कर, १८९४ ते १९२१. पण आजचा भाग त्याच्यावर नाही. आज दुसरा लास्कर. एडवर्ड. हा कधीच जगज्जेता नव्हता, त्या पंगतीत बसेल असंही कोणाला वाटलं नव्हतं. हा इंजिनिअर होता, आयुष्यभर नोकरी-धंदा करत राहिला. आणि तरी बुद्धिबळाच्या इतिहासातला एक सगळ्यात सुंदर डाव त्याच्या नावावर आहे. तो डाव कसा झाला हे सांगायचं तर मला मध्येच जपानी खेळाकडे जावं लागणार आहे. थोडा धीर धरा.

आधी एका शब्दाबद्दल बोलतो. ‘हौशी’. मराठीत या शब्दाचं जरा विचित्र झालंय. हौशी रंगभूमी म्हणतो तेव्हा आपण आदराने म्हणतो. दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करून संध्याकाळी तालमीला जाणारी माणसं, राज्य नाट्य स्पर्धा, सगळं डोळ्यापुढे येतं. पण खेळात कोणी ‘हौशी’ म्हटलं की अर्थ होतो ‘जमलं नाही त्याला’. मी शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत खेळायचो. मग बारावी, जेईई, बीटेक, नोकरी. आता रविवारी खेळतो, कधी ऑनलाइन, कधी क्लबात. घरच्या कार्यक्रमात एखादे काका भेटले की विचारतातच, ‘मग पुढे काही झालं का रे बुद्धिबळात?’ काय सांगणार? काही ‘झालं’ नाही. खेळतो. या प्रश्नामुळेच मला एडवर्ड लास्कर जवळचा वाटतो. त्याने १९५१ मध्ये आठवणींचं एक जाडजूड पुस्तक लिहिलं, ‘चेस सीक्रेट्स आय लर्न्ड फ्रॉम द मास्टर्स’. नाव शिकवणीचं आहे, पण आत किस्सेच जास्त. आज सांगतोय त्यातलं बरंच त्याने स्वतःच सांगून ठेवलेलं आहे.

जन्म ३ डिसेंबर १८८५, केंपेन नावाच्या गावात. तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या तंत्रविद्यापीठात इंजिनिअरिंग केलं, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही. आणि कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोरासारखा कॉलेजपेक्षा जास्त वेळ बाहेर घालवला. त्याचा कट्टा म्हणजे बर्लिनमधली कॅफे. तिथे लोक दिवसभर बुद्धिबळ खेळायचे, आणि खेळण्याइतकीच शाब्दिक मारामारी करायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गो. गो हा पूर्वेकडचा खेळ. १९ बाय १९ रेघांचा पट, एकाच्या काळ्या गोट्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. एकदा ठेवलेली गोटी हलवायची नाही, फक्त चहूबाजूंनी घेरली गेली तर उचलायची. जास्त जागा ज्याने वेढली तो जिंकला. नियम दहा मिनिटांत शिकता येतात. एडवर्ड आणि त्याचा मित्र माक्स लांगे यांनी एक जर्मन लेख वाचला, खेळून पाहिलं, आणि हा काही फार खोल खेळ नाही असं ठरवून सोडून दिलं. पुढे एकदा कॅफेमध्ये एक जपानी गृहस्थ वर्तमानपत्र वाचताना दिसले. त्यात गोचा एक डाव छापलेला होता. ते उठून गेल्यावर या दोघांनी पेपर ताब्यात घेतला आणि डाव पटावर मांडला. शेवटी कळलं की एका बाजूने हार मानलीय. पण का? यांना तर तीच बाजू चांगली दिसत होती! आधी वाटलं, छापताना चूक झाली असेल. बराच काळ डोकं खाजवल्यावर उलगडलं की चूक कुठेच नाही, तो खेळाडू खरोखर हरलेला होता आणि ते त्याला आधीच दिसलेलं होतं. बस्स, तिथून दोघे वेडे झाले.

मला हा किस्सा फार आवडतो. खेळाचं वेड जिंकण्यातून लागलं नाही. दुसऱ्या कोणाला काहीतरी दिसतंय आणि आपल्याला ते दिसत नाही, यातून लागलं.

एडवर्डने मग हे वेड इमॅन्युएलला लावलं. तेव्हा इमॅन्युएल जगज्जेता, वर गणितातला डॉक्टरेट. एडवर्डपेक्षा सतरा वर्षांनी मोठा. काही काळ खेळल्यावर यांना वाटू लागलं की आता आपल्याला बऱ्यापैकी येतंय. अशात एक जपानी गणितज्ञ बर्लिनमार्गे चालले होते, ते गो चांगलं खेळतात असं कळलं. डाव ठरला. गोमध्ये पद्धत अशी की कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच पटावर काही गोट्या फुकट ठेवू द्यायच्या. किती देणार, असं विचारल्यावर पाहुणे शांतपणे म्हणाले, नऊ. जगज्जेत्याला हे पटेना. जगात असा कोणी माणूस नाही जो मला नऊ गोट्या देऊन जिंकेल, असा त्याचा सूर. मग एका बाजूला पाहुणे आणि दुसऱ्या बाजूला इमॅन्युएल, त्याचा भाऊ बर्थोल्ड आणि एडवर्ड, तिघे मिळून सल्लामसलत करत खेळले. हे तिघे प्रत्येक चालीवर विचार करकरून थकले. पाहुणे पटापट खेळत गेले. आणि जिंकले.

यावर इमॅन्युएलची प्रतिक्रिया काय असावी? चिडला नाही. त्याने एडवर्डला सांगितलं, आपण टोकियोला जाऊ आणि हे नीट शिकू.

इथून पुढचा भाग आयटीवाल्यांना एकदम ओळखीचा वाटेल. एडवर्डने एईजी या मोठ्या विजेच्या कंपनीत नोकरी धरली होती. तिचं टोकियोत ऑफिस होतं. त्याने तिकडे बदली मागितली. ऑनसाइट! पण कंपनी तिकडे फक्त इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाच पाठवायची, आणि याला इंग्रजी येत नव्हतं. मग इंग्रजी शिकायला आधी लंडनला जायचं ठरलं. म्हणजे बघा, गो शिकायचं म्हणून टोकियो, टोकियोसाठी इंग्रजी, इंग्रजीसाठी लंडन. आमच्याकडे याला डिपेन्डन्सी म्हणतात.

टोकियोची बदली काही त्याला मिळाली नाही. पण ऑक्टोबर १९१२ मध्ये तो लंडनला पोचला, आणि भाषा येत नसलेला कुठलाही बुद्धिबळपटू परक्या गावात जे करतो तेच त्याने केलं. क्लब शोधला. सिटी ऑफ लंडन चेस क्लब. तारीख २९ ऑक्टोबर. समोर बसले सर जॉर्ज थॉमस.

या थॉमससाहेबांबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. २०२२ मध्ये बँकॉकला भारताने इंडोनेशियाला ३-० हरवून थॉमस कप जिंकला, आपला मुंबईचा चिराग शेट्टी त्या संघात होता. तो थॉमस म्हणजे हाच थॉमस. बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडची एकवीस विजेतीपदं, विम्बल्डनला टेनिस, आणि बुद्धिबळात दोनदा ब्रिटिश विजेता. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्याने कापाब्लांका आणि बोट्विनिक दोघांनाही हरवलं. आणि हे सगळं हौशी म्हणून. तेव्हा त्या संध्याकाळी पटाच्या दोन्ही बाजूंना हौशीच माणसं होती. डावही स्पर्धेचा नव्हता, सहज म्हणून बसले होते.

आता पट असेल तर मांडा. नसेल तर मी शब्दांत सांगतो, जमेल.

एडवर्डकडे पांढरी मोहरी. दहा चालींनंतर परिस्थिती अशी. काळ्याने कॅसलिंग केलंय, त्याचा राजा जी-८ वर, उजव्या कोपऱ्याजवळ, समोर जी-७ आणि एच-७ ला दोन प्यादी. पांढऱ्याचा वजीर एच-५ वर येऊन एच-७ च्या प्याद्याकडे बघतोय. मागे डी-३ वर पांढरा उंट आहे, त्याचाही तिरका रोख त्याच प्याद्यावर, फक्त मध्ये ई-४ ला स्वतःचाच घोडा उभा आहे. दुसरा घोडा ई-५ वर. काळ्याचा उंट एफ-६ वर.

पांढऱ्याची धमकी सरळ आहे. घोड्याने एफ-६ चा उंट मारून शह द्यायचा. घोडा बाजूला झाला की उंटाची वाट मोकळी, आणि मग वजिराने एच-७ घेऊन मात. थॉमसला हे दिसलं होतं. म्हणून त्याने आपला वजीर ई-७ वर आणला. का? तर पांढऱ्याने एफ-६ वर मारलं की काळा जी-७ च्या प्याद्याने घोडा मारणार. ते प्यादं सरकलं की सातवी ओळ मोकळी, आणि ई-७ चा वजीर थेट एच-७ चं राखण करणार. उत्तर अगदी बरोबर आहे. थॉमसने काही गलथानपणा केलेला नाही. पांढऱ्याने ‘आधी घोडा, मग वजीर’ या क्रमाने खेळलं असतं तर तो सुखरूप होता.

एडवर्डने क्रम उलटा केला. आधी वजीर.

अकरावी चाल, वजिराने एच-७ चं प्यादं घेतलं, शह. वजीर सरळ राजाच्या तोंडात. राजाने तो खाल्ला, दुसरं काही करताच येत नव्हतं. आता घोडा एफ-६ वर. त्या घोड्याचा स्वतःचा शह, आणि तो हलल्यामुळे मागच्या उंटाचाही शह. दुहेरी शह! दुहेरी शहाला एकच उत्तर असतं, राजाने पळायचं. जी-७ चं प्यादं घोड्याला मारू शकत होतं, पण मग उंटाचा शह तसाच राहतो. म्हणजे थॉमसचा सगळा बचाव पटावर तसाच उभा आहे, आणि तो वापरता येत नाही. कोडमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि प्रोग्रॅमचा अर्थच बदलला, तसं काहीसं. राजा मागे एच-८ ला गेला तर दुसरा घोडा जी-६ वर येऊन लगेच मात. म्हणून त्याला पुढे जावं लागलं, एच-६ वर.

आणि मग जे सुरू झालं ते कुठल्याही पुस्तकात पहिल्यांदा बघताना हसू येतं. दुसरा घोडा जी-४ वर, शह. राजा जी-५. एच प्यादं दोन घरं पुढे, शह. राजा एफ-४. जी प्यादं एक घर, शह. राजा एफ-३. उंट ई-२, शह. राजा जी-२. हत्ती एच-२, शह. राजा जी-१! काळ्याचा राजा आपल्या घरातून निघून पूर्ण पट ओलांडून पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत येऊन बसला. पांढऱ्याच्या राजापासून दोन घरांवर. आणि अठरावी चाल, पांढऱ्याचा राजा ई-१ वरून डी-२ ला सरकला. बस. तो बाजूला झाल्यावर कोपऱ्यातल्या हत्तीचा शह बसला, आणि मात. राजाने नुसतं एक पाऊल टाकून दिलेली मात.

तिथे कॅसलिंग करूनही मात होत होती. आजही लोक वाद घालतात की कॅसलिंगने मात जास्त देखणी दिसली असती. माझं मत, नाही. राजाने हळूच दारातून बाजूला व्हावं, यात जी मजा आहे ती त्यात नाही.

डाव संपल्यावरचं मला डावाइतकंच आवडतं. थॉमस उठला, हात मिळवला, काहीतरी म्हणाला. एडवर्डला कळेना. बघ्यांपैकी एकाने जर्मनमध्ये भाषांतर करून सांगितलं की साहेब म्हणतायत, फार छान झालं. एडवर्ड लिहितो की त्याला हे मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. कारण त्याची सवय बर्लिनच्या कॅफेची. तिथे समोरच्याने मात खाल्ल्यावर म्हटलं असतं, नशीब तुझं, मी अमुक चाल खेळलो असतो तर तूच मेला होतास. आपल्याकडे कट्ट्यावर याहून वेगळं काय चालतं हो?

आणि गंमत म्हणजे, हा डाव ‘बिनचूक’ नाही. चौदाव्या चालीला एच प्याद्याऐवजी एफ प्यादं दोन घरं ढकलून शह दिला असता तर एक चाल आधीच मात होती. पट मांडला असेल तर बघा. राजाने ते प्यादं खाल्लं तर जी-३ चा शह, राजा एफ-३ ला, आणि छोट्या बाजूचं कॅसलिंग करून मात. राजा एच-४ ला गेला तर जी-३, मग उंट एफ-१ वर, काळ्याचा उंट जी-२ ला मध्ये पडतो, आणि घोडा एफ-२, मात. आजचं इंजिन एका क्षणात हे दाखवतं. पण ती वाट घेतली असती तर राजा पहिल्या ओळीपर्यंत चालत आला नसता, आणि शंभर वर्षांनी आपण याबद्दल बोलतही नसतो. हे मी इंजिनच्या विरोधात म्हणत नाही, मीही रोज वापरतो. पण इंजिन बरोबर ते सांगतं, लक्षात राहील ते सांगत नाही.

पुढचं आयुष्य झटकन सांगतो, कारण त्याने बरीच मोठी इनिंग खेळली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हा जर्मन माणूस इंग्लंडमध्ये. तिथून अमेरिकेला गेला, शिकागोत नोकरीला लागला. अमेरिकेत पाच वेळा वेस्टर्न चेस असोसिएशनची स्पर्धा जिंकली, १९१६ ते १९२१ च्या दरम्यान. आज तिलाच यूएस ओपन म्हणतात. १९२३ मध्ये अमेरिकेच्या विजेतेपदासाठी फ्रँक मार्शलशी अठरा डावांचा सामना झाला. मार्शल म्हणजे बुद्धिबळावर पोट असलेला माणूस, जगातल्या वरच्या फळीतला. एडवर्ड ८½ विरुद्ध ९½ असा हरला. एका गुणाने!

आणि याच सुमारास हा माणूस दिवसा काय करत होता माहितीये? आईचं दूध काढण्याचा यांत्रिक पंप बनवत होता. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ओढून दूध पिण्याची ताकद नसते, पण दुधाची गरज मात्र सगळ्यात जास्त त्यांनाच असते. हाताने काढणं कष्टाचं आणि वेळखाऊ. सतत ओढत राहिलं तर दुखतं. बाळ तसं करत नाही, ते ओढतं, थांबतं, परत ओढतं. मोटरवर चालणाऱ्या यंत्राला हा ताल शिकवणं, हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न. पेटंटसाठी अर्ज १९२३ चा, पेटंट मिळालं १९२७ मध्ये. मार्शलचा सामनाही १९२३ चाच, बरं का. यावर मित्रांनी त्याचं नाव ठेवलं ‘चेस्ट प्लेअर’. चेस प्लेअर नाही, चेस्ट प्लेअर. विनोद बरा आहे की वाईट ते तुम्ही ठरवा, पण पंपाने त्याला पैसा दिला आणि कितीतरी बाळांना दूध दिलं. मला कोणी विचारलं की याचं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं, तर मी वजिराच्या बलिदानाच्या आधी हे नाव घेईन.

मार्शलला इतकं जवळून टक्कर दिल्यामुळे त्याला १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत जागा मिळाली. ही स्पर्धा म्हणजे काय होती? तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका, आधीचा इमॅन्युएल लास्कर, पुढचा अलेखिन, तिघेही एकाच दालनात. अकरा खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव. पंचावन्न वर्षांचा इमॅन्युएल पहिला आला, वीसपैकी सोळा गुण. एडवर्ड साडेसहा गुणांसह दहावा. त्याच्याखाली फक्त यानोव्स्की. हे मी लपवणार नाही. या पातळीवर सलग वीस डाव खेळायचे म्हणजे तेच काम करणारा माणूस लागतो, आणि हा ते नव्हता.

पण त्या दहाव्या क्रमांकात एक डाव आहे. लास्कर विरुद्ध लास्कर. शेवटी एडवर्डकडे राजा, हत्ती आणि प्यादं, इमॅन्युएलकडे राजा आणि एकटा घोडा. कुठल्याही पाठ्यपुस्तकाप्रमाणे हत्तीवाला जिंकतो. इमॅन्युएलने त्यातून बरोबरी काढली, १०३ चालींनंतर. त्या दिवसानंतर पाठ्यपुस्तकांत या स्थितीचा नवा परिच्छेद लिहावा लागला. माजी जगज्जेत्याला हरवण्याची संधी हातातून गेली तरी एडवर्ड आयुष्यभर त्या डावाबद्दल कौतुकानेच लिहीत राहिला. बर्लिनमधल्या त्या छापील गोच्या डावासारखंच. समोरच्याला काहीतरी दिसलं, मला दिसलं नव्हतं.

गोही सोडलं नाही त्याने. १९३४ मध्ये गोवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकन गो असोसिएशन उभी करणाऱ्यांमध्ये त्याचं नाव आहे. बुद्धिबळावर तर अनेक पुस्तकं. त्यातल्या १९४२ च्या एकाचं नाव ‘चेस फॉर फन अँड चेस फॉर ब्लड’, म्हणजे मजेसाठीचं बुद्धिबळ आणि जिवावर उदार होऊन खेळायचं बुद्धिबळ. दोन्ही एकाच मुखपृष्ठावर.

राहता राहिला आडनावाचा प्रश्न. सगळे त्याला आयुष्यभर विचारायचे, तुम्ही दोघे नातेवाईक का? तो नाही म्हणायचा, कारण त्याला तसं माहीतच नव्हतं. इमॅन्युएल १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. जाण्याच्या थोडं आधी त्याने एडवर्डला सांगितलं की कोणीतरी मला लास्करांचा वंशवृक्ष दाखवला, आणि त्याच्या एका फांदीवर तू लटकलेला आहेस. एडवर्ड त्यानंतर आणखी चाळीस वर्षं जगला. १९८१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, तोही न्यूयॉर्कमध्येच गेला.